"डॉल्फिनला उगाच बदनाम करताय" या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की डॉल्फिनसारख्या हसऱ्या, बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्या प्राण्याला मी गुंड ठरवलं, आणि नर पिल्लांना मारतात हे लिहिताना पुरावाही दिला नाही. ठीक आहे, मग जरा सविस्तरच लिहितो.

आधी ते हसणं. अहो ती जबड्याची ठेवणच आहे. भुकेला असो, आजारी असो, चिडलेला असो, तोंड तसंच दिसणार, अगदी मेल्यावरसुद्धा.

आता पुरावा. स्कॉटलंडमधे मोरे फर्थच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे नातेवाईक म्हणा) मेलेले सापडत होते, बरगड्या मोडलेल्या, आतून मुका मार, अंगावर दातांचे ओरखडे, आणि त्या ओरखड्यांमधलं अंतर मोजलं तर ते बॉटलनोज डॉल्फिनच्या दातांशी जुळलं. मग तशाच जखमा बॉटलनोजच्याच मेलेल्या पिल्लांवर दिसल्या, त्यावर १९९८ मधे संशोधनाचा पेपर आला. कारण साधं आहे, पिल्लू तीन-चार वर्षं, कधी त्याहून जास्त, दूध पितं आणि तोवर मादी सहसा माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते. सिंहही हेच करतो, पण त्याला कुणी गोड समजत नसल्यामुळे त्याच्यावर लिहिलं की कुणी रागावत नाही!

मादीही काही गरीब बिचारी नसते बरं का. ती बऱ्याच नरांशी जुगते, त्यामुळे पिल्लू नक्की कुणाचं हे कुठल्याच नराला कळत नाही, आणि आपलं असू शकेल असं पिल्लू मारणं परवडत नाही. निदान अभ्यासक तरी असाच अर्थ लावतात.

आणि तुम्ही ज्या हुशारीचं कौतुक केलंय ना, ती याच भानगडीत दिसते. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधे दोन-तीन नर टोळी करून मादीला घेरून ठेवतात, मग अशा टोळ्या एकमेकांशी युती करून दुसऱ्यांच्या माद्या पळवतात, आणि या युत्या वर्षानुवर्षं टिकतात. हे जमायला कोण आपला, कोण ऐनवेळी मदतीला येतो ते लक्षात ठेवावं लागतं. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची वेगळी शीळ असते, जवळपास नावासारखीच. २०२१ च्या अभ्यासात या शिळा रेकॉर्ड करून पाण्याखाली वाजवल्या, तर पूर्वी नेहमी मदतीला आलेल्या साथीदाराची शीळ ऐकून नर जास्त जोरात वळले. म्हणजे नाव लक्षात ठेवणारा आणि गुंडगिरी करणारा मेंदू एकच, मी त्यातलं अर्धंच कसं लिहू?

राहिलं माणसाला वाचवण्याचं. डॉल्फिन आजारी सोबत्याला किंवा नवजात पिल्लाला खालून ढकलून पाण्यावर आणतात हे खरंय, श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्यांना. माणसालाही कधी ढकललं असेल. पण ज्याला किनाऱ्याकडे ढकललं तो येऊन गोष्ट सांगतो, ज्याला खोल समुद्राकडे ढकललं तो कुठून सांगणार?

स्पंजबद्दल लिहा म्हणालात, ते लिहिणार आहेच. शार्क बेमधल्याच काही माद्या चोचीवर समुद्री स्पंज चढवून तळ उकरतात, म्हणजे तोंड खरचटत नाही, आणि ही युक्ती आईकडून जास्त करून मुली शिकतात. थोडे नरही शिकतात, आणि ते दोस्ती कुणाशी करतात तर दुसऱ्या स्पंजवाल्या नरांशी.