दोन्ही बाजू सारख्या दिसल्याशी मतलब

तुमचं अपत्य यंदा दहावीला असेल आणि त्याला रासायनिक समीकरण कधीही संतुलित करता येऊ नये अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर पुढचा मजकूर फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. बावीस वर्षं कोपरखैरण्यात विज्ञान शिकवतेय. या कामात हमखास यश कसं मिळतं, ते मी फार जवळून पाहिलंय. गेल्याच आठवड्यात असे एक यशस्वी पालक शाळेत भेटून गेले. त्यांच्यावर येतेच.

सुरुवात नववीत करावी लागते. नववीला 'द्रव्याचे मोजमाप' नावाचा धडा आहे, त्यात संयुजा आहे. ती सोडून द्यायची. 'नववीचं बोर्डाला येत नाही' हे वाक्य घरात दिवा लावताना रोज म्हणा. कोणता अणू किती जणांचा हात धरतो हेच ठाऊक नसलं, की सूत्र चुकतं, आणि चुकलेलं सूत्र संतुलित करणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही. निम्मं काम इथेच झालं.

अणूंची मोजदाद कागदावर करू देऊ नका. 'डोळ्यांनी दिसतं की.'

पेन्सिल आणि खोडरबर घरातून हद्दपार करा.

दहावीचा 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा धडा क्लासमध्ये एप्रिलच्या सुट्टीत, दोन तासांत उरकून घ्या. म्हणजे जूनमध्ये मी फळ्याकडे वळले की मागून कोरस येईल : 'मॅडम, झालंय!' झालंच आहे ना. कांजिण्या होतात तसं.

प्रयोगशाळेची काळजी तुम्ही करू नका, ती आम्ही घेतली आहे. तिथे सध्या स्नेहसंमेलनाचा मखमली पडदा, तीन मोडके बाक आणि एक कुलूप आहे. शिवाय माझी बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्यूटी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आणि 'आजच्या आज लिंक भरा' आहेच. शाळेकडूनही फूल ना फुलाची पाकळी.

आता मुख्य उपाय. नोट्स. त्या क्लासच्याच हव्यात, रंगीत हव्यात आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या हव्यात. कारण व्हॉट्सॲपवर सगळे आकडे एका उंचीचे होतात. बर्झेलियस नावाच्या स्वीडिश माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही अक्षरी चिन्हं रूढ केली, तेव्हा अणूंचे आकडे तो अक्षरांच्या डोक्यावर लिहीत असे. पुढे लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते पायाशी आणले. आपल्या क्लासवाल्यांनी ते रांगेत उभे केले. '२एच२ओ'. यातला पहिला दोन कोण आणि दुसरा दोन कोण? वाचतानाही 'टू एच टू ओ', दोन्ही टू सख्खे जुळे. मी वर्गात घसा फोडून सांगते की पुढचा दोन म्हणजे किती प्लेट, आणि पायाशी बसलेला दोन म्हणजे प्लेटीत काय. चार पाहुणे आले तर मिसळीच्या चार प्लेटी मागवायच्या. एकाच प्लेटीत आठ पाव कोंबून तिला मिसळ म्हणायचं नाही. पुढचा आकडा तुमच्या हातात आहे, पायाशी असलेला निसर्गाच्या. त्याला बोट लावायचं नाही. लावलं तर पदार्थच बदलतो. एच टू ओच्या ओखाली आणखी एक दोन चिकटवला की हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायचं. उन्हातून आलेल्या पाहुण्याला ते तांब्यात घालून द्याल का? नाही ना? मग पेपरात का देता?

तर ते यशस्वी पालक. पूर्वपरीक्षेत मी एक प्रश्न टाकला होता : ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनपासून ॲल्युमिनियम ऑक्साइड होतं, संतुलित समीकरण लिहा. दोन गुण. त्यांच्या चिरंजीवांनी लिहिलं, ए एल अधिक ओ टू, बाण, ए एल ओ टू. इकडे एक ॲल्युमिनियम, तिकडे एक. इकडे दोन ऑक्सिजन, तिकडे दोन. बसलं! मी शून्य दिलं.

वडील दुसऱ्याच दिवशी हजर. हातात नोट्सचा गठ्ठा, स्पायरल बाइंडिंग केलेला, मुखपृष्ठावर 'महत्त्वाची २५ समीकरणे'. म्हणाले, "मॅडम, दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे हे समीकरण नोट्समध्ये नाही. मॅग्नेशियमचं आहे, ॲल्युमिनियमचं नाही. आणि दुसरं, दोन्ही बाजू सारख्या आहेत, मग गुण का कापले?" असं म्हणत त्यांनी त्या ए एल ओ टूवर अनामिका दोनदा टकटक आपटली.

त्या बोटात माणिक होतं.

माणिक कशाचं असतं सांगू? ॲल्युमिनियम ऑक्साइडचं. ए एल टू ओ थ्री. किंचित क्रोमियम मिसळलं म्हणून लाल. म्हणजे हा माणूस बरोबर उत्तर सोन्यात मढवून, बोटात घालून आला होता, आणि त्याच बोटाने चुकीच्या उत्तराला गुण मागत होता. मला हसूही येईना.

तरी शांतपणे सांगितलं. ॲल्युमिनियमची संयुजा तीन, ऑक्सिजनची दोन, म्हणून सूत्र ए एल टू ओ थ्री. ते पक्कं झालं की त्याला हात लावायचा नाही. आता डावीकडे ऑक्सिजन जोडीजोडीने येतो, उजवीकडे तीन-तीनने. दोन आणि तीन कुठे भेटतात? "लसावि," मागून आमचा शिपाई म्हणाला. देवाशप्पथ. सहाला भेटतात. मग डावीकडे ऑक्सिजनचे तीन रेणू, उजवीकडे ऑक्साइडच्या आधी दोन, त्यामुळे ॲल्युमिनियम झालं चार, म्हणून डावीकडेही चार. संपलं. यात रसायनशास्त्र एका ओळीचं आहे, बाकी सगळा लसावि.

वडील म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण बोर्डात हे येणार का?"

हा उपाय सर्वांत गुणकारी. कुठलीही गोष्ट मुलाच्या डोक्यात शिरतेय असं वाटलं, की लगेच विचारा, 'बोर्डात येणार का?' शिरत असलेली गोष्ट जागच्या जागी मरते.

लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात तराजू घेऊन दाखवून दिलं की अभिक्रियेत वस्तुमान वाढतही नाही आणि घटतही नाही. १७९४ साली पॅरिसमध्ये त्याचं मुंडकं धडावेगळं केलं. त्या दोन तुकड्यांची बेरीजसुद्धा तेवढीच भरली असणार. त्या बिचाऱ्याला तेव्हा कुणी विचारलं नसेल, हे बोर्डात येणार का.

जाऊ दे. उपरोध पुरे झाला, मला आता तो झेपत नाहीये.

अहो, तुमच्या घरात गॅस गिझर आहे ना? पाइपने येणारा गॅस म्हणजे बहुतांशी मिथेन. मिथेनच्या एका रेणूला नीट जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. मग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, बस. बाथरूमची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद, झरोक्याला पुठ्ठा, आत पोरगं अर्धा तास अंघोळ करतंय. तिथे दोनाच्या जागी दीडच मिळाला, की त्याच मिथेनचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतं. दोन आणि दीड. एवढाच फरक आहे, आणि तो तुमच्या २५ समीकरणांत कुठल्या पानावर छापलाय ते मला दाखवा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे राहता, पलीकडे कारखान्यांची रांग. रात्री वारा फिरला की नाकाला रुमाल लावून सोसायटीच्या ग्रुपवर 'आज परत वास' म्हणून लिहिता. कशाचा वास, कशात काय मिसळून आला, असं पोराने एकदा तरी विचारलं का? तुम्ही त्याला विचारू दिलंत का?

क्लासला भरायला पैसे आहेत, नोट्सला बाइंडिंग करायला पैसे आहेत, गुणांसाठी भांडायला कामावर अर्धी रजा टाकून येता. आणि पोराने उभ्या जन्मात एक काडी जळताना नीट निरखून पाहिलेली नाही. त्याचा काही दोष नाही. तो हुशार आहे. दोन्ही बाजू सारख्या करा म्हटलं, त्याने केल्या. खालच्या आकड्याला हात लावायचा नाही, हे त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. ना क्लासला, ना तुम्हाला, आणि कदाचित मी सांगितलं तेव्हा त्याचं 'झालंय' होतं.

गुण वाढणार नाहीत.

पण काल शिपायाकडून प्रयोगशाळेचं कुलूप काढून घेतलंय. पडदा आम्ही दोघांनी मिळून एका कोपऱ्यात ढकलला. कपाटात मॅग्नेशियमची फीत निघाली, वीतभर, काळवंडलेली. पॉलिश पेपरने घासली की चकाकते. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलाला पाठवा, नोट्स घरी ठेवून. झाकणाच्या मुशीत ती जाळायची आहे, आधी आणि नंतर वजन करायचंय. तुम्हीही या. येताना एवढं मात्र घरून लिहून आणा : फीत जळून राख झाली, तरी राखेचं वजन फितीपेक्षा जास्त का भरतं? नोट्समध्ये शोधू नका, तिथे नाहीये.