घर रंगवायला काढलंय? मग डबा अजिबात वाचू नका

भर पावसात, भिंती ओल्या असताना, गणपतीच्या तोंडावर घर रंगवायला काढायचं ही आमच्या कोल्हापुरातली जुनी खोड. यंदा आम्हीपण काढलं. शिवाजी पेठेतलं आजोबांच्या वेळचं घर, दारं-खिडक्यांवर ऑइल पेंटचे पाच-सहा थर, सगळ्यात खाली तो पिस्ता. गेल्या आठवड्याभरात जे ज्ञान मिळालं ते एकट्यानं ठेवून काय करू, म्हणून तुम्हालापण देतोय.

पहिलं म्हणजे डब्यावरचं काही वाचायचं नाही. शेड कार्ड चार दिवस बघा, क्रीम की बदामी यावरनं घरात बोलणं बंद होऊ दे, पण डबा फिरवून मागची बारीक अक्षरं? छे. तिथं लिहिलेलं असतं की शिसं, तो विषारी धातू, 90 पीपीएमच्या वर नाही, म्हणजे दहा लाख भागांत 90. केंद्र सरकारनं 2016 च्या नोव्हेंबरात नियम काढला, 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू केला, घरगुती रंगाच्या डब्यावर हे छापायलाच पाहिजे. पण एवढं वाचत बसलं तर रंग कधी मारणार?

रंग पेंटर सांगेल तोच आणा. डब्यात त्याला कंपनीचं बक्षिसाचं टोकन मिळतं, त्याचा आणि सल्ल्याचा काही संबंध नसतो.

खिडकीच्या जाळीला तर घरगुती रंग घेऊच नका. मी लक्ष्मीपुरीत एका दुकानात इनॅमल मागितला, त्यानं आतनं एक पिवळाधम्मक डबा काढला. म्हटलं यावर शिशाचं काही लिहिलेलं नाही. तर म्हणतो, "भावा, मशीनला मारतात हा, एमआयडीसीत जातोय, दहा वर्षं हलत नाही, शिसंबिसं काय घेऊन बसलायस!" बरोबरच आहे की. तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांनाच आहे, कारखान्यातल्या रंगांना नाही, मग त्यावर लिहिलेलं असेल कसं. आणि पिवळा, नारंगी, लाल यांचा तो भडकपणा बऱ्याचदा लेड क्रोमेट या शिशाच्या रंगद्रव्यामुळेच येतो. म्हणजे लेथला मारायचा रंग पोरगं जिथं तोंड लावून रस्ता बघत बसतं त्या जाळीला मारायचा. कोल्हापूर म्हणजे कलापूर, बाबूराव पेंटरांचं गाव, रंगातलं आम्हाला कुणी शिकवायचं नाही.

वास येत नाही म्हणजे शिसं नाही. शिशाला वासच नसतो ही गोष्ट सोडून द्या.

आता मेन काम, जुना रंग घासणे, म्हणजे तो नियम यायच्या आधीचे, शिसं असू शकणारे थर. हे सुकंच करायचं. आमचे पेंटर मामा आले, तोंडाला रुमालसुद्धा नाही, पत्री आणि पॉलिश पेपर घेतला आणि सुरू. मी म्हटलं मामा, पाणी मारून वॉटर पेपरनं घासूया का, खाली प्लास्टिक टाकतो. "दादा, ओलं करून दिवस जातोय, सुकं भराभर निघतंय." निघालं की! तासाभरात सोप्यात धुकं. हिरवी धूळ पाटावर, देवघरात, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर, आईनं निवडायला काढलेल्या तांदळावर. आणि त्या धुळीत बहिणीचं दीड वर्षाचं पोरगं रांगतंय, हात तोंडात, पडलेली खपली उचलून बघतंय. मी ओरडलो तर घरातले मलाच ओरडले, "पोराला कशाला भेवडवतोस." मग मामांनी ते सगळं केरसुणीनं झाडलं, म्हणजे जे खाली बसलं होतं ते परत वर. त्यावर फॅन लावला. राहिलेलं जाळून काढतो म्हणून गॅसची बत्ती आणायला निघाले होते, तेवढं मात्र थांबवलं, कारण तापवलं की त्याचा धूर होतो आणि तो तर सरळ फुप्फुसात.

काकांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला, "आम्ही नाही का मोठं झालो याच रंगात?"

झालात हो काका. पण किती कमी झालात ते कुणी मोजलंय का? शिशानं ताप येत नाही, अंगावर उठत नाही. पोरगं अभ्यासात मागं पडतंय, एका जागी बसत नाही, आणि आपण म्हणतो आळशी आहे, मोबाईलमुळं आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या 2020 च्या अहवालात अंदाज आहे की भारतात 27 कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं आहे. सगळं रंगातनं नाही आलेलं, बॅटऱ्या गाळणं आहे, भेसळीचे मसाले आहेत, पण दारावरचं तर आपल्या हातात आहे ना? जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि लहान पोरांच्या अंगात ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं, मग हाडात जाऊन बसतं. घरात आतून शिशाचा सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, मारू नका हा आंतरराष्ट्रीय करार 1921 चा आहे. 1921! शंभर वर्षं झाली आणि आम्ही अजून "दहा वर्षं हलत नाही" वर खूश.

अरे डबा फिरवून एक ओळ वाचायला काय जातंय तुमचं? लेबल नसलेला, सुटा, मशीनचा रंग घरात आणायचा नाही म्हणजे नाही. धड असलेला जुना रंग खरवडू नका, त्यावरच नवीन मारा. सुटत असेल तर ओला करून घासा, पोरं आणि पोटुशी बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी, केरसुणी नको, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. आणि पेंटरला मास्क द्या की रे, तीस वर्षं तो हेच ओढतोय आणि तेच कपडे घालून घरी नातवाला उचलून घेतोय. त्याला कुणी सांगितलंय कधी? मीपण नव्हतं सांगितलं.

भाच्याच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करायला सांगितलीय डॉक्टरांनी, रिपोर्ट यायचाय. दार अर्धं घासून उभं आहे. मामा सोमवारी येतो म्हणालेत, कुठल्या ते नाही सांगितलं.