सहा महिने उलटले म्हणून फिजिओ सोडायची?

नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मणक्यातली नस तुटली की तुटली. सहा महिन्यांत पाय हलले नाहीत तर फिजिओवर पैसे घालवू नका, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच पुढचे दोन सल्ले खपतात.

मज्जारज्जूतला, म्हणजे मेसेजमधल्या ‘मणक्यातल्या नसे’तला, तुटलेला तंतू फारसा पुन्हा वाढत नाही, हे बरोबर. पण हालचाल यायला तोच तंतू जुळावा लागतो, असं कुठंय? २००४ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात मागच्या पायांकडे जाणारे तंतू कापले. कापलेल्या तंतूंनी वर, मानेजवळच नवे फाटे फोडले आणि मज्जारज्जूतल्या लांब पल्ल्याच्या पेशींना गाठून जखमेला वळसा घातला. ज्या पेशी जखमेपलीकडे पोचत होत्या त्यांच्याशी झालेली जोडणी टिकली, बाकीची गळाली. वर्धा रोड अडला की आपण खामल्याच्या गल्ल्यांतून निघतो, तसंच. अर्थात गल्ली शिल्लक हवी. अपघातात मज्जारज्जू आरपार तुटणं विरळा, तो बहुधा चेंगरतो. काही धागे वाचले असतील तर आशा जास्त. तिथल्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाला असतात, म्हणूनच डॉक्टर गुदद्वाराजवळची संवेदना तपासतात. ती तपासणी झाल्याशिवाय ‘कंप्लीट’ (इजेखाली काहीच शिल्लक नाही) हा शिक्का मानू नका.

सहा महिन्यांचं म्हणाल तर सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो, एवढंच. अभिनेता क्रिस्टोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला; बोट हलवायला लागला पाच वर्षांनी. चालला मात्र कधीच नाही, तेही सांगितलं पाहिजे.

फिजिओ वाया जाते? २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इजा होऊन वर्षं उलटलेल्या तीन रुग्णांच्या मज्जारज्जूला विजेचे सूक्ष्म झटके देत महिनोन्‌महिने चालण्याचा सराव करून घेतला. पुढे झटके बंद असतानाही लुळे पडलेले काही स्नायू त्यांना स्वतःहून हलवता आले. नुसत्या विजेनं नव्हे, सरावासकट. आणि पाय नाही हलले तरी सांधे आखडू नयेत, बेडसोअर होऊ नयेत, खुर्चीवर स्वतः सरकता यावं, हे कोण शिकवणार? (इजा मानेत असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही. आपल्या मे महिन्यात व्यायाम सकाळीच उरका.)

राहिलं स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. मेसेजखाली मोबाईल नंबर आणि ‘पॅकेज’ आहे.