टेकडी म्हणजे एअर प्युरिफायर नव्हे

काल सकाळी सातला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर होतो. वर निळं आकाश, खाली कोथरूडवर मळकट खाकी पट्टा आणि मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. शेजारचे काका म्हणाले, "धुकं काय मस्त पडलंय!"

काका, धुकं नाही हो ते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर, शेकोट्या, बांधकामांची धूळ सगळं खाली कोंडतं. उन्हं चढली की झाकण उघडतं.

आता मुद्द्याचं. या टेकडीवरून बालभारती–पौड फाटा रस्ता न्यायचं घाटतंय. टेकडी वाचवा म्हणताना आपण सगळे 'पुण्याची फुप्फुसं' म्हणतो. मीही तो फलक धरून उभा राहिलोय. पण हा शब्द मला आता नकोसा झालाय. कारण समोरचा लगेच हिशोब मांडतो: इथली तोडतो, तिकडे लावतो. महाराष्ट्राच्या झाडं जपायच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीने तर 50 वर्षांवरच्या झाडाबदल्यात त्याच्या वयाइतकी रोपं लावायला सांगितलीयत. 60 वर्षांचा वड गेला, 60 रोपं आली, फिटला हिशोब!

आणि खरं सांगू? हवा गाळण्यात झाडं आपण समजतो तितकी तरबेज नाहीत. रस्त्याकडेच्या पानावरून बोट फिरवलं की काळं होतं, तेवढी धूळ अडते हे कबूल. पण पीएम 2.5चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धुळीचा, कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा. टेम्पोचा धूर पिंपळ कुठवर गिळणार? अरुंद गल्लीत फांद्यांचं छत दाट असेल तर उलट धूर खालीच अडकतो. तो आवरायचा सायलेन्सरपाशीच.

मग टेकडी कशाला हवी? अमेरिकेत ॲश नावाची झाडं एका हिरव्या भुंगेऱ्याने पोखरली, कोट्यवधी मेली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 15 राज्यांची आकडेवारी तपासली, तर कीड पोचली त्या भागांत हृदयविकार आणि श्वसनविकाराने मिळून 21 हजारांवर जास्तीचे मृत्यू दिसले. हवा बिघडली, सावली गेली, की लोकांचं चालणं थांबलं, नेमकं कारण त्यातून ठरत नाही. पण ती झाडं लोकांच्या दारातली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पार्किंगमध्ये चार फेऱ्यांत कंटाळायचे. टेकडीवर मात्र खाणीपर्यंत जातात आणि मोर दिसला तर घरी येऊन आईला तीनदा सांगतात. (तिथली बरीचशी झाडं परदेशी गिरिपुष्पाची, जाणकार नाकं मुरडतात. बरोबरच आहे. बाबांना फरक पडत नाही.) थंडीत आठनंतर निघतात, झाकण उघडल्यावर.

40 किलोमीटरवरच्या कुठल्याशा गायरानात रोपं लावली, तर बाबा तिथे चालायला जाणार आहेत का?

बालभारती–पौड फाटा रस्त्याची पुढची सुनावणी असेल तेव्हा झाडांची यादी दुसऱ्या कुणीतरी आणा. मी बाबांना घेऊन येतो.