एलवाइफमुळे बास संपला? सेंट क्रॉयचे आकडे पाहा

अमेरिकेचे मेन राज्य आणि कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत यांच्या सीमेवरून सेंट क्रॉय नदी वाहते. तिच्याबद्दल एक दावा आजही फिरतो : ‘समुद्रातून अंडी घालायला चढून येणारा एलवाइफ हा हेरिंग मासा तलावातला स्मॉलमाउथ बास हा मासा संपवतो. धरणावरची माशांची शिडी (मासे धरण चढून वर जातात ती पायऱ्यांची वाट) बंद ठेवा, काही बिघडत नाही.’ १९९५ मध्ये मेनच्या विधिमंडळाने हे मानून नदीवरच्या वुडलँड आणि ग्रँड फॉल्स धरणांवरच्या शिड्या एलवाइफसाठी बंद केल्या.

‘एलवाइफ उपरा आहे.’ उपरा बास आहे. गळाच्या हौसेपायी १९व्या शतकात तो तिथे सोडला गेला.

‘बास त्याच्यामुळेच घटला.’ १९८०च्या दशकात याच नदीच्या वरच्या भागातल्या स्पेडनिक तलावात बासची संख्या कोसळली, हे खरे. एलवाइफ पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो आणि बासची नुकती फुटलेली पिल्लेही सुरुवातीला तेच खातात, त्यामुळे शंका अगदीच वेडगळ नव्हती. पण बास काठालगत उथळ पाण्यात, खडीत घरटे करतो. अंडी असताना धरणवाल्यांनी पाणी उतरवले की घरटीच उघडी पडतात. शिवाय मेनमधल्या कितीतरी तलावांत दोन्ही मासे एकत्र नांदतात आणि मोठा बास एलवाइफची पिल्ले आवडीने खातो.

‘एक मादी लाखभर अंडी घालते, थोड्या माद्या पुरेत.’ अंडी कितीही असोत, पिल्ले वाढायला तलाव लागतो, आणि सुमारे ९८ टक्के तलावक्षेत्र ग्रँड फॉल्सच्या वर आहे. मासा समुद्रात ३ ते ५ वर्षे वाढून परततो, म्हणून दार लावल्याचा फटका लगेच दिसत नाही. आधी जन्मलेले येतच राहतात. मग एकेक वयोगट गळतो. नदीवरच्या सर्वांत खालच्या, मिलटाउन धरणाच्या शिडीवर १९८७ मध्ये सुमारे २६ लाख मासे मोजले होते. २००२ मध्ये उरले ९००.

नुसती मोजणीही फसवते. खवला भिंगाखाली धरला की पूर्वीच्या विणीच्या खुणा कडेच्या झिजलेल्या रेषांत दिसतात. खुणा असलेले जुने मासे कमी झाले, तर मोठे मासे मरताहेत; बहुधा वीण आटोपून समुद्राकडे परतताना.

‘२०१३ मध्ये कायदा बदलला, ग्रँड फॉल्स उघडले, प्रश्न मिटला.’ अर्धाच. शिडी चढण्यासाठी असते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून बोटभर पिल्ले प्रवाहाबरोबर खाली निघतात आणि मुख्य प्रवाह टर्बाइनकडे जातो. तिथे बारीक जाळी आणि शेजारी पृष्ठभागालगत वेगळी वाट हवी, तीही पिल्ले उतरतात ते सगळे आठवडे चालू. २०२३ मध्ये मिलटाउनचे धरण पाडले गेले. वुडलँड आणि ग्रँड फॉल्स अजून उभी आहेत.