अभिनंदन, तुम्ही १४ टक्के पूर्ण केलेत!

सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच मेल. 'अभिनंदन! तुमचा अ‍ॅडव्हान्स्ड लीड गिटार कोर्स १४ टक्के पूर्ण झालाय.' दोन वर्षांपूर्वी घेतलाय हा कोर्स. अभिनंदन नक्की कशाचं, पैसे परत मागितले नाहीत याचं?

याच्या आधीचा अर्ध्यावर सुटला होता. त्याच्या आधीचा मात्र सर्टिफिकेटसकट पुरा केला. वाजवणं होतं तिथेच.

सोळा वर्षं वाजवतेय. तुमच्यातले बरेच जण वाजवतात, त्यामुळे हे दुखणं समजावून सांगायला नको. हात आपसूक पाचव्या फ्रेटवरच्या (गिटारच्या पाचव्या पट्टीवरच्या) त्याच पेंटॅटॉनिक बॉक्समध्ये, म्हणजे पाच सुरांच्या ठरावीक चौकटीत जातो, त्याच चार लिक्स, म्हणजे घोटलेले तुकडे बाहेर पडतात, शेवटी तोच बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं. सोलो संपेपर्यंत आपल्यालाच आपला कंटाळा येतो. मग आपण कोर्स घेतो. मोड्स (स्केलचे प्रकार), स्वीप पिकिंग (एका झटक्यात तारांवरून पिक फिरवणं), केज्ड पद्धतीचे पाचही कॉर्ड-आकार पाठ. आठवडाभर काय तो उत्साह! आणि जॅमला उभं राहिलं की येरे माझ्या मागल्या.

मागच्या महिन्यात आमच्या बँडच्या गायिकेने फोनवर प्रॅक्टिस रेकॉर्ड केली. तिला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. ऐकता ऐकता म्हणाली, "ते वर ओढतेस ना तू, तिथे सूर पोचतच नाही गं तुझा. दर वेळी."

मी अर्थातच भांडले. तार नवीन आहे, ट्यूनिंग उतरलं असेल, फोनचा माइक भंगार आहे. रात्री घरी गुपचूप तपासलं. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट ओढला की नवव्याचा सूर मिळायला हवा. दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच सूर आयता असतो. दोन्ही एकत्र छेडले. जुळले असते तर एकच सलग आवाज आला असता. माझा वाँव-वाँव करत थरथरत होता. खालीच होता.

तीन कोर्स! कित्येक तासांचे व्हिडिओ! एकाही मास्तरने हे सांगितलं नाही, कारण त्यांच्यातल्या एकालाही मी ऐकू येत नव्हते. मी मिक्सोलिडियन नावाचा मोड शिकले आणि मिक्सोलिडियनमध्येही बेंड खालीच.

आणि जाहिराती बघा. 'तीस दिवसांत प्लॅटो (अडकलेली प्रगती) तोडा.' 'प्रो वादक लपवतात ती तीन सिक्रेट्स.' अरे, कसली सिक्रेट्स? नवशिक्याला 'जी' कॉर्डसाठी बोटं कुठे ठेवायची ते कळत नसतं, त्याला व्हिडिओ पुरतो, छान पुरतो. पण दहा-पंधरा वर्षं वाजवणाऱ्याचं घोडं माहितीपाशी अडलेलं नसतं. त्याच्या चुका बोटांत मुरलेल्या असतात आणि कानाला इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की त्या ऐकूच येत नाहीत. त्याला तुम्ही अजून बारा स्केल्स देणार?

बरं, मान्य, एका कोर्समुळे माझा पिक धरायचा कोन सुधारला. शंभरावर अडकलेलं आल्टरनेट पिकिंग (पिक आलटून पालटून खाली-वर मारणं) १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांना गेलं; ठोक्याला चार सूर धरले तर सेकंदाला ८ सूर. ते आठ सूर कुणाला ऐकायचे होते, हा प्रश्न वेगळा. आणि हो, काही ठिकाणी तुमचा व्हिडिओ पाठवला की शिक्षक ऐकून चुका सांगतात. पण मग ती शिकवणीच झाली की!

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीने त्याच्या आधीच्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो रेकॉर्ड ऐकून ऐकून बसवले. पिक नाही, अंगठ्याने वाजवायचा. आता कुणीतरी म्हणणारच, तो वेस माँटगोमेरी होता बाई. होता. पण त्याला आधी ऐकावं लागलं. मला पडद्यावर बोट कुठे ठेवायचं ते दिसत होतं, मग कान कशाला उघडतेय मी?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या मास्तरांचा तरी काय दोष, बिचारे कॅमेऱ्याकडे बघून जीव तोडून शिकवतात. खरं सांगायचं तर कोर्स विकत घेतला की त्याच दिवशी प्रगती झाल्यासारखं वाटायचं. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायची मात्र भीती वाटायची. सोळा वर्षांत एकही शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. गायिकेने फोन कानाशी धरला म्हणून ऐकलं.

तेव्हापासून रोज दहा मिनिटं तो एकच बेंड. आधी नववा फ्रेट वाजवायचा, तो सूर गुणगुणायचा, मग अनामिकेने सातव्यावरून ओढायचं, मागे मधल्या बोटाचा आणि तर्जनीचा आधार देऊन. बोटांची सालं निघालीत. घरचे वैतागलेत.

काल रेकॉर्डिंग तिला पाठवलं. रात्री उशिरा उत्तर आलं, "पोचतेयस आता. दोनदा तर ओलांडून पलीकडे गेलीस."