निळ्या डोळ्यांचे हॉलंड लॉप: 'ससेहोलपट' यांना उत्तर

'ससेहोलपट' या नावाने लिहिणारे महाशय, तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. मी लिहिलं होतं एवढंच की हॉलंड लॉप या लोंबत्या कानांच्या बुटक्या सशांच्या जातीत व्हिएन्ना मार्क्डला, म्हणजे तोंडावर-पायांवर पांढरे पट्टे आणि बऱ्याचदा निळे डोळे असलेल्या सशांना, शोच्या स्टँडर्डमध्ये (जातीचा ससा कसा असावा याची नियमावली) वेगळी व्हरायटी, म्हणजे रंगप्रकार, म्हणून मान्यता देऊ नये. त्यावर तुम्ही भलामोठा मजकूर टाकलात, पण त्यातलं एक वाक्य काही डोक्यातून जात नाहीये: "चार पिंजरे ठेवून स्टँडर्डचे रखवालदार झालेल्यांनी दुसऱ्यांना अडवू नये."

रखवालदार? अहो मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, पण नाव लपवून दुसऱ्याचे पिंजरे मोजायचे ही कुठली रीत? आणि पिंजरे चार नाहीयेत, पण तुम्हाला हिशोब द्यायला मी काही बांधील नाही. इथे ओहायोत मुलीच्या ४-एच या मुलांच्या संस्थेच्या प्रोजेक्टसाठी एक मादी आणली होती, मुलगी कॉलेजला गेली, ससे राहिले (बायकोचं मत आहे की उलट झालं असतं तर बरं). थंडीत गॅरेजमध्ये गोठलेल्या बाटल्या बदलतो, अंधारात उठून फेअरला ससे नेतो, आणि जजच्या टेबलापाशी उभं राहून ऐकून घेतो की क्राउन (डोक्यावरचा कानांच्या बुडाचा भाग) मागे सरकलाय, खांदे लांब आहेत, मागचा भाग चपटा आहे. हे असं ऐकून ऐकून शिकलोय, रील्स बघून नाही. तेव्हा रखवालदार तर रखवालदार, पण रखवाली कशाची चाललीये ते तरी आधी बघा.

एक मान्य. रंगाला १०० पैकी ४च गुण आहेत हे तुमचं बरोबर. पण तुम्ही म्हणता रंग इतका किरकोळ आहे तर घ्या की सगळे, आणि मी म्हणतो म्हणूनच नको. बहुतेक गुण डोकं, बांधा, पाय यांनाच आहेत, आणि रंगाच्या मागे लागलेला माणूस पिल्लाचं डोकं बघतच नाही, डोळे बघतो. निळे डोळे असले की लांब नाकाचं पिल्लूसुद्धा पेट म्हणून चढ्या भावात जातं, मग तो निवड कशाला करेल?

शिवाय हे पट्टे आणणारा व्हिएन्ना जीन लपतो. त्याची एकच प्रत असलेला प्रत्येक ससा पट्टे दाखवतोच असं नाही, काही अगदी स्वच्छ काळे दिसतात. अशीच एक काळी मादी मी एका ब्रीडरकडून आणली, पेडिग्रीत कुठे उल्लेख नाही, आणि पहिल्याच वेताला नाकावर पांढरं घेऊन पिल्लं आली. सॉलिडमध्ये, म्हणजे पांढरे डाग नसलेल्या गटात, अशी पिल्लं थेट बाद. त्या मादीची सगळी लाइन संशयात गेली. विचारलं तर म्हणे, क्यूट आहेत ना! तुम्हीही तेच म्हणताय, फक्त जरा जड शब्दांत.

"निळ्या डोळ्यांचा पूर्ण पांढरा चालतो मग त्याच्या भावंडांचा काय गुन्हा?" गुन्हा काही नाही हो. दोन मार्क्ड लावले की सरासरी चारात एक पांढरा निघतो, तो बघताक्षणी कळतो. बाकीच्यांत प्रत्येकाचा पट्टा वेगळा, एखाद्याला तर पट्टाच नाही, त्याचं स्टँडर्ड लिहिणार काय? ब्रोकनला, म्हणजे पांढऱ्यावर रंगाचे ठिपके असलेल्या गटाला, निदान किमान १० टक्के रंग अशी अट तरी घालता आली. बाकी जीन पूल, लोकांची आवड वगैरे तुमचं जे आहे त्याला उत्तर द्यायला मला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही वाटत नाही.

एवढीच हौस असेल तर रस्ता आहे की. एआरबीएकडून, म्हणजे अमेरिकेतल्या ससेपालकांच्या संघटनेकडून, सर्टिफिकेट ऑफ डेव्हलपमेंट (नवा प्रकार मांडायची परवानगी) घ्या, त्यांच्या कन्व्हेन्शनला ससे न्या, स्टँडर्ड्स कमिटीसमोर पास व्हा. मी कुठे आडवा झोपलोय?

आणि एवढं सगळं सुनावून शेवटी विचारताय की माझ्याकडे एखादा चांगल्या डोक्याचा सॉलिड नर विकायला आहे का. आहे. तुम्हाला नाही.